जादा भरणा आणि बिनव्याजी दुरुस्ती

मार्चअखेरचा आठवडा आला की बँका आणि टपाल कार्यालये यांच्या खिडक्यांपुढे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत पैसे भरणाऱ्यांची गर्दी होते. त्या गर्दीत पगारदार असतात, तसेच कोणाच्याही हजेरीपटावर नाव नसलेले लोकही असतात. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवून संध्याकाळी शिकवण्या घेणारा पदव्युत्तर पदवीधर, तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर, घरी बसून व्यापाऱ्यांच्या वह्या लिहून देणारी गृहिणी, छापखान्याचा मालक, दस्तलेखक, शिंपी या साऱ्यांना म्हातारपणाची तरतूद स्वतःची स्वतःच करावयाची असते. पुरेसे पैसे भरता येत नाहीत, ही त्यांच्यापैकी बहुतेकांची अडचण. काहींची अडचण मात्र नेमकी उलटी असते. त्यांनी नियमाने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक पैसे भरलेले असतात, आणि ही गोष्ट त्यांना अनेक वर्षे ठाऊकच नसते.

या चुकीचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. शिकवण्या घेणाऱ्या एका शिक्षकाचे बँकेत भविष्यनिर्वाह निधीचे खाते आहे. त्यात तो दरमहा १२,००० रुपये भरतो आणि मार्चमध्ये आणखी ६,००० रुपये टाकून वर्षाचे १,५०,००० रुपये पुरे करतो. मुलगी लहान असताना तिच्या नावाने टपाल कार्यालयात दुसरे खाते उघडलेले आहे. पालक म्हणून नाव त्याचेच आहे. त्या खात्यात तो दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत ५०,००० रुपये भरतो. खाते मुलीचे, तेव्हा मर्यादाही मुलीची वेगळी, असा त्याचा प्रामाणिक समज आहे. तो चुकीचा आहे. या योजनेतील १,५०,००० रुपयांची वार्षिक मर्यादा स्वतःचे खाते आणि पालक या नात्याने उघडलेले अज्ञान मुलाचे खाते, या दोहोंतील भरण्याला मिळून लागू होते. म्हणजे या शिक्षकाचा दरवर्षीचा ५०,००० रुपयांचा भरणा नियमाबाहेरचा ठरतो. नियमाच्या भाषेत तो 'अनियमित' होय. अशा रकमेवर व्याज मिळत नाही. चूक उघडकीस आल्यावर मूळ रक्कम तेवढी परत केली जाते. मधल्या काळात पासबुकावर व्याज चढलेले दिसत असले तरी ते वजा होते.

१ एप्रिल २०२० पासून पुढील पाच आर्थिक वर्षे या निधीचा व्याजदर ७.१ टक्के होता. या पाच वर्षांत शिक्षकाने मुलीच्या खात्यात भरलेल्या २,५०,००० रुपयांचे नियमाप्रमाणे व्याज धरले असते तर मार्च २०२५ अखेर सुमारे ३,०८,५०० रुपये झाले असते. चूक उघडकीस आली तर हाती येतील ते २,५०,०००. सुमारे साडेअठ्ठावन्न हजार रुपयांचा हा फरक म्हणजे एका गैरसमजाची किंमत होय. ती किंमत रास्त आहे काय, आणि ती सर्वांकडून सारखीच घेतली जाते काय, हे दोन प्रश्न या संदर्भात विचारणे अगत्याचे आहे.

योजना कोणासाठी होती?

सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९६८ साली झाला. त्यापूर्वी सरकारी नोकरांना त्यांचा स्वतंत्र निधी होता आणि कारखान्यांतील व आस्थापनांतील कामगारांना १९५२ च्या कायद्याने कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचे संरक्षण मिळाले होते. ज्यांना मालक नाही अशा लोकांसाठी मात्र तोपर्यंत असे साधन नव्हते. वकील, वैद्य, व्यापारी, कारागीर यांना पंधरा वर्षांच्या मुदतीची, सरकारी हमी असलेली आणि न्यायालयीन हुकूमनाम्याखालील जप्तीपासून सुरक्षित अशी शिल्लक करता यावी, ही सोय या योजनेने केली. पुढे पगारदारांनीही करसवलतीच्या ओढीने तीत खाती उघडली, तरी तिची खरी गरज होती ती बिनमालकाच्या माणसाला. १९६८-६९ साली ४.८ टक्के असलेला व्याजदर १९८६ पासून १२ टक्क्यांवर गेला, तो जानेवारी २००० पर्यंत तेथेच राहिला आणि नंतर टप्प्याटप्प्याने उतरत आला. मूळ कायद्याची जागा आता सरकारी बचत प्रोत्साहन कायद्याने आणि त्याखालील डिसेंबर २०१९ च्या योजनेने घेतली आहे. वार्षिक मर्यादा डिसेंबर २०११ मध्ये १ लाख रुपये झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये दीड लाख रुपये झाली.

नियतकालिक श्रमशक्ती पाहणीच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात मोडतात. नियमित पगारावर असलेल्यांचे प्रमाण २१.७ टक्के आहे. घरच्या शेतावर किंवा दुकानात बिनपगारी राबणारेही स्वयंरोजगारात मोजले जातात, हे खरे. आणि त्यांतील फार थोड्यांना दीड लाखाची मर्यादा गाठण्याइतकी मिळकत असते, हेही खरे. तथापि ज्यांना ती गाठता येते त्यांना निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही आणि मालकाचा वाटाही नाही. वृद्धापकाळासाठी त्यांच्यापाशी जे काही असेल ते अशाच खात्यांत असते. म्हणून या खात्यांतील चूक त्यांना इतरांपेक्षा अधिक महाग पडते.

चूक कशी घडते

पगारदाराच्या वर्गणीची काळजी त्याचे कार्यालय घेते. पगारपत्रकावर कपात होते, लेखा विभाग तिचा हिशेब ठेवतो आणि मर्यादा आली की कपात थांबवितो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधीतील वर्गणीस वर्षाला ५ लाख रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा ती पाळण्यासाठी कपात आवरण्याचे काम कार्यालयांकडेच आले. स्वयंरोजगाऱ्याला असे कार्यालय नसते. त्याचा मालक, कारकून आणि लेखापाल तो स्वतःच असतो, आणि यांपैकी शेवटच्या दोन कामांचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

त्यातच त्याची मिळकत दरमहा सारखी नसते. शिकवण्यांचे पैसे जून-जुलैत आणि परीक्षेपूर्वी येतात. डॉक्टरांचे पावसाळ्यात वाढतात. छापखान्याचे लग्नसराईत व निवडणुकीत. हातात पैसा आला की तो खर्च होण्यापूर्वी खात्यात टाकावा, ही सवय स्तुत्य आहे. पण तुकड्यातुकड्यांनी आणि निरनिराळ्या खात्यांत केलेल्या भरण्याची वर्षभराची बेरीज क्वचितच कोणी मांडतो.

चुकीच्या नेहमीच्या वाटा तीन आहेत. पहिली वाट म्हणजे वर सांगितलेली मुलाच्या खात्याची. मूल सज्ञान झाल्यावर त्याचे खाते स्वतंत्र होते आणि त्याची मर्यादाही स्वतंत्र होते. तोपर्यंत मात्र ती पालकाच्या मर्यादेतच मोडते. दुसरी वाट दोन खात्यांची. एका व्यक्तीला स्वतःच्या नावे एकच खाते उघडता येते आणि तसे प्रतिज्ञापन अर्जात द्यावे लागते. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी वडिलांनी गावच्या टपाल कार्यालयात उघडून दिलेले खाते विस्मरणात जाते, पुढे शहरात आल्यावर बँकेत नवे खाते उघडले जाते, आणि दोन्ही खिडक्यांवर दोन्ही खाती निर्वेधपणे चालू राहतात. तिसरी वाट धनादेशाची. धनादेश ज्या दिवशी दिला तो दिवस भरण्याचा धरला जात नाही. तो वटला तो दिवस धरला जातो. मार्चच्या शेवटी दिलेला धनादेश एप्रिलमध्ये वटला, तर गेल्या वर्षाचा भरणा अपुरा राहतो आणि तीच रक्कम नव्या वर्षात मोजली जाते. नव्या वर्षात खातेदाराने नेहमीप्रमाणे पूर्ण मर्यादेइतके पैसे भरण्याचा बेत केला असेल, तर बेरीज मर्यादेपलीकडे जाते.

एकाच खात्यात मर्यादेबाहेर पैसे आले तर बँकेचा संगणक ते सहसा अडवितो. दोन खाती दोन संस्थांत असली की त्याला काहीच दिसत नाही. परिणामी चूक वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि मुदत संपल्यावर पैसे काढावयास गेल्यानंतर किंवा पुढील पाच वर्षांसाठी मुदत वाढविण्याचा अर्ज केल्यानंतर ती निघते. त्या वेळी खातेदार साठीच्या घरात असतो आणि दुरुस्तीचा खर्च सर्वांत मोठा झालेला असतो.

दुरुस्तीची सध्याची रीत

अनियमित खाती नियमित करण्याचा अधिकार अर्थ मंत्रालयाचा. अशी प्रकरणे टपाल कार्यालयांकडून मंत्रालयाकडे पाठविली जात आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत खातेदाराचे पैसे अडकून पडत. मंत्रालयाच्या आर्थिक कामकाज विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी एक परिपत्रक काढून या प्रकरणांसाठी ठरीव नियम घालून दिले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले. त्याबद्दल मंत्रालयाला श्रेय दिले पाहिजे. लहान बचत करणाऱ्याला आपल्या चुकीचे पुढे काय होणार हे निदान आधी कळू लागले.

या परिपत्रकानुसार एकाच व्यक्तीची दोन खाती असतील तर त्यांपैकी कोणते पुढे चालू ठेवावयाचे हे खातेदाराने निवडावयाचे असते. निवडलेल्या मुख्य खात्याला, भरणा दरवर्षीच्या मर्यादेत असल्यास, योजनेचे पूर्ण व्याज मिळते. दुसऱ्या खात्यातील शिल्लक मुख्य खात्यात मिळविली जाते. मात्र त्यामुळे कोणत्याही वर्षाची मर्यादा ओलांडली जाता कामा नये. ओलांडली गेल्यास जेवढी रक्कम जादा ठरेल तेवढी शून्य टक्के व्याजाने परत केली जाते. तिसरे किंवा चौथे खाते असेल तर त्यावर ते उघडल्याच्या दिवसापासून काहीही व्याज नाही.

या रीतीचा एक चांगला भाग ध्यानात घ्यावयास हवा. दोन खाती असणे आणि मर्यादा ओलांडणे या दोन निरनिराळ्या चुका आहेत आणि परिपत्रकाने त्या निरनिराळ्याच मानल्या आहेत. दोन खात्यांत मिळून मर्यादेच्या आतच पैसे भरणाऱ्याचे व्याज जात नाही. एका वर्षी ९०,००० रुपये बँकेत आणि ४०,००० रुपये टपालात भरले असतील तर दोन्ही रकमा एकत्र येऊन व्याज कमावतात. जे जाते ते दीड लाखावरील रकमेचे व्याज. तेव्हा दुसऱ्या खात्याची आठवण झाल्यावर भीतीपोटी ते दडवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. जितका उशीर तितकी बिनव्याजी वर्षे वाढत जातात.

जादा रक्कम खातेदाराला वाटेल तेव्हा काढूनही घेता येत नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. या निधीतून अंशतः पैसे काढण्याची मुभा खाते उघडलेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे लोटल्यावर मिळते आणि तीही ठरावीक प्रमाणात. चूक दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र अर्ज, दोन्ही पासबुके आणि ओळखीचे कागद देऊन जादा भरण्याचा परतावा मागावा लागतो. तो मार्ग आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

एकच तिजोरी, तीन न्याय

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की नियम मोडला तर व्याज न मिळणे स्वाभाविकच आहे. पण याच सरकारच्या इतर योजनांकडे पाहिल्यास ते तितके स्वाभाविक राहत नाही.

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत पगारदाराने स्वतःच्या वाट्याचे वर्षाला अडीच लाख रुपयांहून अधिक पैसे भरले, तर १ एप्रिल २०२१ पासून त्या वरच्या रकमेवरील व्याज करपात्र ठरते. ज्या निधीत मालकाचा वाटा नसतो तेथे ही मर्यादा पाच लाखांची आहे. व्याज मिळणे थांबत नाही. पूर्ण दराने ते मिळतच राहते आणि त्यावर कर द्यावा लागतो, इतकेच. मर्यादेत असलेला आणि मर्यादेबाहेरचा भरणा यांचे हिशेब वेगळे ठेवण्याची व्यवस्थाही नियमांनी करून दिली आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाख रुपयांची मर्यादा आहे. तेथे चुकून अधिक रक्कम जमा झाली तर ती तात्काळ परत करावयाची असते, आणि जमा झाल्याच्या दिवसापासून परत करण्याच्या दिवसापर्यंत तिच्यावर टपाल बचत खात्याच्या दराने व्याज दिले जाते. हा दर ४ टक्के आहे. योजनेचे भरघोस व्याज नाही, पण अगदी रिकाम्या हातानेही परत पाठवणी नाही, असा हा मध्यम मार्ग आहे.

सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत मात्र शून्य. वर्षाला अडीच लाखांहून अधिक वर्गणी भरू शकणारा उच्चपदस्थ पगारदार मर्यादा ओलांडतो तेव्हा त्याला व्याजावरील कर द्यावा लागतो. दीड लाखांच्या वर जाणारा स्वयंरोजगारी मर्यादा ओलांडतो तेव्हा त्याचे सर्व व्याज जाते. पहिल्याच्या मागे लेखा विभाग उभा असतो, दुसऱ्याच्या मागे कोणीच नसते. चुकीला आवर घालणारी यंत्रणा ज्याच्यापाशी नाही त्यालाच चुकीची सर्वाधिक किंमत द्यावी लागावी, हा न्याय उलटा आहे. वरील शिक्षकाच्या जादा भरण्यावर केवळ ४ टक्के सरळव्याज धरले तरी पाच वर्षांत त्याला ३०,००० रुपये मिळाले असते.

शिवाय ही रक्कम त्या काळात निपचित पडून नसते. अल्पबचतीचा पैसा १९९९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो आणि तेथून सरकारांच्या उपयोगी पडतो. ज्या पैशाचा उपयोग सरकारने पाच वर्षे केला तो पैसा मुळी आपल्याकडे नव्हताच अशा थाटात परत करणे हे व्यवहारालाही धरून नाही. रुपयाची किंमत वर्षागणिक घटत असते. पाच वर्षांपूर्वीचे ५०,००० रुपये तेवढ्याच आकड्याने परत मिळाले तर बचत करणाऱ्याने प्रत्यक्षात गमावलेलेच असते.

अमेरिकेतील स्वयंरोजगाऱ्याचा प्रश्न

स्वयंरोजगाऱ्याचा हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. अमेरिकेत १९६२ साली संमत झालेल्या आणि प्रतिनिधी कीओ यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या कायद्याने तेथील स्वयंरोजगाऱ्यांना करसवलतीसह निवृत्तीची तरतूद करण्याची मुभा दिली. १९७४ साली वैयक्तिक निवृत्ती खाती आली आणि १९७८ साली छोट्या धंदेवाल्यांसाठी सोपी योजना निघाली. या सोप्या योजनेत मिळकतीच्या २५ टक्क्यांपर्यंत वर्गणी भरता येते. परंतु स्वयंरोजगाऱ्याची मिळकत मोजताना ती वर्गणीच आधी वजा करावी लागते. स्वयंरोजगार कराचा निम्मा भाग वजा जाता १ लाख डॉलर उरत असतील तर त्याला २५,००० डॉलर भरता येत नाहीत, २०,००० च भरता येतात. कारण २०,००० ही रक्कम उरलेल्या ८०,००० च्या २५ टक्के होते. असा हिशेब वर्ष संपून नफा कळल्याखेरीज होत नाही, आणि म्हणून तेथेही जादा भरणा वारंवार होतो.

तेथील कायदा सौम्य आहे असे मुळीच नाही. वैयक्तिक निवृत्ती खात्यात जादा रक्कम राहू दिली तर ती काढून घेईपर्यंत दरवर्षी ६ टक्के दंडात्मक कर बसतो. परंतु त्याआधी दुरुस्तीला मुदत असते. वाढीव मुदतीसह प्राप्तिकराचे विवरणपत्र देण्याच्या तारखेपूर्वी जादा रक्कम आणि तिच्यावर झालेली कमाई काढून घेतली, तर हा दंड लागत नाही. कमाई खातेदाराच्याच पदरी पडते आणि ती उत्पन्नात धरली जाते. काढून न घेता जादा रक्कम पुढील वर्षाच्या मर्यादेत जिरविण्याचीही सोय आहे, मात्र चुकीच्या वर्षाचा दंड तेव्हा चुकत नाही. थोडक्यात, तेथे चूक लवकर सुधारणाऱ्याला मोकळे केले जाते आणि ती तशीच ठेवणाऱ्याला भुर्दंड बसतो. भारतीय नियमात असा भेद नाही. दुसऱ्याच महिन्यात स्वतः होऊन चूक सांगणारा आणि पंधरा वर्षांनी सापडणारा, दोघांनाही एकच शून्य लावले जाते. लवकर सांगणाऱ्याचे नुकसान अर्थात कमी होते, पण लवकर सांगण्याचे निमंत्रण त्याला नियम देत नाही.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

मर्यादा शिथिल करावी असे यातून सुचवावयाचे नाही. या निधीवरील व्याज करमुक्त आहे, म्हणजे त्याचा काही भार इतर करदात्यांवर पडतो. मर्यादा नसेल तर ज्यांच्यापाशी मुबलक पैसा आहे तेच या सवलतीचा सर्वाधिक लाभ घेतील. जादा भरण्यावर योजनेचे पूर्ण व्याज दिले तर मर्यादेला अर्थच उरणार नाही, आणि मुद्दाम अधिक भरून 'चुकले' म्हणणारे पुढे येतील. अर्थ मंत्रालयाची ही भीती निराधार नाही.

परंतु ४ टक्क्यांच्या लोभाने कोणी मुद्दाम चूक करणार नाही. तेवढे व्याज साध्या बचत खात्यावरही मिळते, आणि तेथून पैसे हवे तेव्हा काढता येतात. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत हीच व्यवस्था आहे आणि तेथील मर्यादा तिच्यामुळे ढासळलेली नाही. मिळालेले हे व्याज करपात्र ठरविले तर करमुक्तीच्या गैरफायद्याचा प्रश्नही राहत नाही. दंड असा असावा की चुकीचा लाभ होऊ नये. चूक करणाऱ्याने सरकारला बिनव्याजी कर्ज द्यावे असा तो असण्याचे कारण नाही.

तेव्हा तीन सुधारणा शक्य आहेत आणि त्यांपैकी कोणतीही खर्चाची नाही. पहिली, खिडकीवरच अटकाव. ३१ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अल्पबचतीच्या खात्यांना पॅन आणि आधार क्रमांक जोडणे आवश्यक झाले आहे. खातेदाराची ओळख एका क्रमांकाने बांधली गेली असेल तर बँक आणि टपाल खाते यांच्या नोंदी वर्षातून एकदा ताडून पाहणे अवघड नाही. जी माहिती सरकार करवसुलीसाठी एकत्र करते ती खातेदाराला सावध करण्यासाठीही वापरता येईल. दुसरी, दुरुस्तीची मुदत. आर्थिक वर्ष संपल्यावर विवरणपत्र देण्याच्या तारखेपर्यंत जो स्वतः होऊन जादा भरणा कळवील, त्याची रक्कम नव्या वर्षाचा भरणा म्हणून १ एप्रिलपासून धरावी. मार्चमधले पैसे एप्रिलमध्ये मोजल्याने सरकारचे काहीच जात नाही आणि खातेदाराचे पूर्ण व्याज वाचते. तिसरी, या मुदतीनंतर निघालेल्या जादा रकमेवर टपाल बचत खात्याच्या दराने करपात्र व्याज द्यावे.

तोपर्यंत काय करावे

नियम बदलेपर्यंत स्वयंरोजगाऱ्याने स्वतःचा लेखा विभाग स्वतःच चालविला पाहिजे. फेब्रुवारीत एकदा घरातील सर्व पासबुके एकत्र काढून १ एप्रिलपासूनच्या भरण्याची बेरीज मांडावी. मुलाच्या खात्यावर पालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे आणि ती रक्कम त्या पालकाच्याच मर्यादेत धरावी. दरमहा आपोआप वर्ग होणारी रक्कम आणि स्वतः जाऊन भरलेली रक्कम या दोन्हींची नोंद एकाच वहीत असावी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धनादेश देण्याचे टाळावे. जुने, विसरलेले खाते सापडले तर ते तसेच सोडून न देता, कोणते खाते मुख्य ठेवावयाचे हे ठरवून एकत्रीकरणाचा अर्ज त्याच वर्षी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दीड लाखांहून अधिक शिल्लक टाकण्याची ऐपत असेल, तर २००९ पासून सर्व नागरिकांना खुली असलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. तेथे करसवलतीला मर्यादा आहे, भरण्याला नाही. त्यामुळे जादा भरणा अनियमित ठरण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र तेथील परतावा बाजारावर अवलंबून असतो, हे ध्यानी ठेवावे.

ही सावधगिरी शिक्षकांना आणि कारकुनांना अनाठायी वाटण्याचे कारण नाही. कायम नोकऱ्या घटत चालल्या आहेत. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर आणि कार्यालयांत कंत्राटावर काम करणारी पिढी वाढत आहे. ज्यांच्या वडिलांची वर्गणी पगारपत्रकावर आपोआप कापली जात होती, त्यांची मुले ती स्वतः जाऊन भरणार आहेत. १९६८ च्या योजनेने अशा माणसाला सरकारी नोकराच्या बरोबरीने बचतीचा हक्क दिला. त्याची चूकही सरकारी नोकराच्या चुकीइतक्याच सहानुभूतीने दुरुस्त व्हावी, एवढी अपेक्षा त्याने बाळगली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.